ट्रॉमा आणि बिघडलेलं खाणं: सहा महिन्यांच्या ऑनलाइन समुपदेशनानंतर

वापर असा: सहा महिने व्हिडिओ सत्रं, पहिला महिना आठवड्यातून दोनदा, पुढे एकदा. विषय दुहेरी, जुना आघात आणि त्याला चिकटलेलं खाणं: दिवसभर टाळाटाळ, रात्री भरमसाट. पाचपैकी साडेतीन तारे. अ‍ॅपचं नाव देण्यात अर्थ नाही, कारण समोरच्या थेरपिस्टला कामाचा क्रम कळतो की नाही यावरच सगळं अवलंबून असतं.

क्रम म्हणजे आधी ताट, मग आघात. अर्धपोटी माणसाला जुन्या आठवणी उकरायला लावल्या की झोप उडते, लक्ष लागत नाही आणि त्याच रात्री खाण्याचा झटका येतो. ऑक्सफर्डच्या ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी बसवलेली सीबीटी-ई पद्धत, म्हणजे खाण्याच्या विकारांसाठी विचार आणि सवयी बदलणारी थेरपी, २० आठवड्यांत २० सत्रांची आहे. वजन फारच कमी असेल तर सत्रं साधारण दुप्पट. सुरुवातीचा हट्ट एकच: तीन जेवणं, मध्ये दोन-तीन वेळा थोडं खाणं, आणि दोन खाण्यांत चार तासांहून जास्त खंड नाही. काय खायचं यावर तेव्हा वाद नको, कधी खायचं ते ठरवायचं. आठला पोहे, अकराला केळं, दीडला पोळी-भाजी-वरण-भात, पाचला चहाबरोबर राजगिऱ्याचा लाडू, साडेआठला जेवण. भूक लागेल तेव्हा खाऊ असं म्हटलं की घडी मोडते, कारण बरेच दिवस उपाशी काढल्यावर भुकेची जाणीव भरवशाची राहत नाही. पहिले काही आठवडे थोड्याशा खाण्यानेही पोट टम्म वाटतं. पोट रिकामं व्हायला वेळ लागत असतो. पुष्कळ जण नेमके इथेच सोडतात, आणि चांगला थेरपिस्ट हे आधीच सांगून ठेवतो.

नोंद ठेवावी लागते: वेळ, जागा, काय खाल्लं, ते जास्त झालं असं वाटलं का, उलटी झाली का, त्या वेळी मनात काय चाललं होतं. जेवण संपता संपता लिहायचं. रात्री बसून लिहिलेली नोंद म्हणजे स्वतःवरचं आरोपपत्र होतं. बऱ्याच अ‍ॅपमध्ये नोंदीच्या पानावर कॅलरीचा रकाना आपोआप उघडतो; तो बंद करता येत नसेल तर सरळ दोनशेपानी वही घ्या. वजनाचा रोजचा आलेखही तसाच घातक. या पद्धतीत वजन आठवड्यातून एकदा, थेरपिस्टसमोर बघतात आणि चार आठवड्यांचा कल वाचतात, कारण एका दिवसाचा चढउतार बहुतेक पाण्याचा असतो. बाकीचे सहा दिवस काटा माळ्यावर.

उपवासाचं आपणहून सांगा. संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार म्हटलं की घरात कुणी प्रश्न विचारत नाही, म्हणून आजाराला तो उत्तम आडोसा मिळतो. परदेशी धर्तीवर तयार केलेल्या प्रश्नावलीत हे येत नाही. मराठी बोलणारा थेरपिस्ट मिळाला तर ‘ताटात टाकू नये’ आणि ‘किती बारीक झालीस गं, छान दिसतेस’ यांचं ओझं समजावून सांगण्यात सत्र जात नाही.

आता पडद्याचं. व्हिडिओ कॉलमध्ये स्वतःचा चेहरा दिसत राहतो, आणि शरीरावरून झुरणारा माणूस पन्नास मिनिटं गाल आणि हनुवटी तपासत बसतो. ‘स्वतःचं चित्र लपवा’ हा पर्याय पहिल्या मिनिटाला दाबा. उलट बाजूने, थेरपिस्टला फक्त मानेवरचा भाग दिसतो. थरथरणारा पाय, आवळलेली मूठ नजरेतून निसटते. लॅपटॉप हातभर मागे सरकवा, हात दिसू द्या, पाय जमिनीला टेकलेले ठेवा. दोन खोल्यांच्या घरात दाराबाहेर पंखा लावला की आवाज बराच दबतो, आणि कुणी आत आलं तर विषय बदलायचा एक शब्द ठरवून ठेवावा.

आघाताच्या कामाला हात लावायच्या आधी तीन गोष्टी ठरलेल्या असायला हव्यात: आज कुठल्या पत्त्यावर बसला आहात, जवळचं कोण येऊ शकतं, आणि नेट गेलं तर फोन कोण करणार. हे न विचारणाऱ्याकडे ते काम करू नका. ईएमडीआर, म्हणजे डोळ्यांच्या हालचाली किंवा थोपटण्याच्या तालावर आघाताची आठवण हाताळायची पद्धत, ऑनलाइन होतं. छातीवर हात आडवे घेऊन आळीपाळीने थोपटायचं आणि त्रास शून्य ते दहामध्ये सांगायचा. आकडा वर असताना घड्याळ बघून कॉल कापला गेला तर पुढचे दोन दिवस वाया जातात, म्हणून शेवटची दहा मिनिटं शांत होण्यासाठी राखून ठेवायला सांगा. चारचं सत्र बरं: पाचला चहा आणि खाणं ठरलेलंच असतं, शक्यतो कुणाच्या तरी सोबत. रात्री नऊचं सत्र सर्वांत वाईट.

पडद्यातून नाडी आणि रक्त तपासता येत नाही. वारंवार उलट्या होत असतील तर पोटॅशियम घसरतं आणि हृदयाची लय बिघडू शकते, तेव्हा जवळच्या फिजिशियनकडे इलेक्ट्रोलाइट्स (रक्तातले क्षार) आणि ईसीजी करायलाच हवं. चक्कर, छातीत धडधड किंवा झपाट्याने उतरणारं वजन असेल तर थेट रुग्णालय. दीर्घ उपासमारीनंतर खाणं वाढवण्यातही धोका असतो, कारण फॉस्फेट खाली जाऊ शकतं. ते डॉक्टरच्या देखरेखीतच करावं.

‘काउन्सिलर’ ही पाटी कुणीही लावतं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक असतो, तो मागा. औषध मात्र डॉक्टरच लिहून देऊ शकतात, सहसा मानसोपचारतज्ज्ञ. दोन सत्रांमधल्या कठीण रात्रीसाठी अ‍ॅपच्या चॅटवर विसंबू नका, तिथे उत्तर सकाळी येतं. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली सरकारी टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं.

पैशांबद्दल एवढंच: दोन-तीन सत्रं एकेक करून घ्या, मगच अनेक सत्रांचा पॅक; पॅकला मुदत असते आणि थेरपिस्ट बदलला की ओळखपाळख पुन्हा पहिल्यापासून. वर्गणी संपण्याच्या आधी तुमचा खाण्याचा आराखडा आणि ‘घसरण सुरू झाली तर काय’ हे पान लेखी मागून घ्या. मुदत संपली की लॉगिन बंद होऊ शकतं.