शिंडिगला सभासदांचा डेटा जोडला, त्याचा काही महिन्यांचा अनुभव

आमची साइट ट्रेकर मंडळींची आहे. मोहिमांची नोंदणी, फोटो, कोण कुणासोबत गेलं याची यादी, एवढाच पसारा. सभासदांत प्रोग्रामर बरेच. त्यांना साइटवर स्वतःची छोटी गॅजेटं, म्हणजे पानात बसणारे छोटे प्रोग्राम, टाकायची होती: माझ्या ओळखीतलं कोण राजमाचीला येतंय, पुण्याहून कुणाच्या गाडीत जागा आहे, वगैरे. त्यासाठी प्रत्येकाच्या हाती डेटाबेसचा पासवर्ड देणं काही खरं नव्हतं. म्हणून अपाचे शिंडिग घेतलं.

गुगलने नोव्हेंबर २००७ मध्ये ओपनसोशल, म्हणजे सोशल साइटवर अशी गॅजेटं चालवण्याचं सामायिक मानक, जाहीर केलं, ऑर्कुट आणि मायस्पेससारख्या साइट त्यात आल्या. शिंडिग म्हणजे त्याच मानकावर चालणारा तयार, खुला सर्व्हर. जानेवारी २०१० मध्ये तो अपाचे या खुल्या सॉफ्टवेअरच्या संस्थेचा स्वतंत्र प्रकल्प झाला; २०१५ मध्ये तो बंद झाला. जावा आणि पीएचपी दोन्हींत मिळायचा. आमचं सगळं जावात, त्यामुळे निवड सोपी होती.

सुरुवात फसवी सोपी आहे. मेव्हन या साधनाने बिल्ड करा, जेटी हा छोटा वेब सर्व्हर चालू करा, की नमुन्याचं गॅजेट लगेच दिसतं आणि त्यात जॉन डो, जेन डो ही मित्रमंडळी हजर! ही माणसं एका जेसन फाइलमधून, म्हणजे साध्या मजकुरात डेटा ठेवणाऱ्या फाइलमधून, येतात. तिथे आपले सभासद आणायचे तर पर्सनसर्व्हिस, अ‍ॅक्टिव्हिटीसर्व्हिस आणि अ‍ॅपडेटासर्व्हिस हे इंटरफेस (माणसं, त्यांच्या हालचाली आणि गॅजेटचा साठवलेला डेटा पुरवणारे ठरलेले साचे) स्वतः लिहायचे आणि जूस या, कुठे कोणता क्लास वापरायचा ते जोडून देणाऱ्या, गुगलच्या लायब्ररीच्या मॉड्यूलमध्ये नमुन्याच्या जागी आपले क्लास बांधायचे. शिंडिगच्या गाभ्याला हात लावावा लागत नाही. ही रचना मला मनापासून आवडली. कोड वाचायची तयारी मात्र हवी.

खरा वेळ गेला तो आपल्याच टेबलांकडे नव्याने बघण्यात. आमच्याकडे लॉगिन ईमेलने होतं. ओपनसोशलच्या आयडीत अक्षरं, आकडे, टिंब, रेघ एवढंच चालतं; आणि ईमेल गॅजेटवाल्याला कळायचं कारणही नाही. म्हणून वेगळा आयडी काढला. नावाचा एकच रकाना होता, ‘नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव’ सगळं सलग. त्याचे तुकडे पाडायच्या भानगडीत न पडता आख्खं नाव फॉरमॅटेड या फील्डमध्ये घातलं. देवनागरी नावांसाठी जेडीबीसीच्या (जावा आणि डेटाबेसमधल्या) जोडणीत यूटीएफ-८ ही अक्षरांची पद्धत स्पष्ट सांगा, नाहीतर प्रश्नचिन्हांची रांग येऊ शकते.

मग ‘मित्र’ कोण? आमच्या साइटवर एकाने दुसऱ्याला ‘सोबती’ म्हटलं की झालं, दुसऱ्याची संमती लागत नाही. ते जसंच्या तसं फ्रेंड्स म्हणून दिलं असतं, तर कुणीही कुणालाही सोबती करून त्याची माहिती गॅजेटमधून काढू शकला असता. आम्ही दोन्हीकडून होकार असेल तरच मित्र धरतो. काही जणांची यादी एकदम रोडावली, तक्रारीही आल्या. निर्णय बदललेला नाही.

आणि हाच शिंडिगबद्दलचा माझा मुख्य मुद्दा. गॅजेट कोणती फील्ड मागतंय, बघणारा कोण, पान कुणाचं, अ‍ॅप कोणतं, हे सगळं तो तुमच्या कोडपर्यंत नीट आणून देतो. द्यायचं की नाही, हे तो ठरवत नाही. सभासदांचा रक्तगट आणि घरचा आणीबाणीचा फोन आमच्याकडे असतो, आणि ओपनसोशलच्या पर्सनमध्ये फोनचं फील्ड आहे. आपले रकाने ओपनसोशलच्या फील्डशी जुळवताना सगळेच उत्साहाने जोडले, की ते मागेल त्या गॅजेटला मिळणार. आमच्या पर्सनसर्व्हिसमध्ये परवानगी असलेल्या फील्डची छोटी यादी आहे, बाकी सगळं रिकामं जातं.

टोकनचंही, म्हणजे मागणी कोणाकडून आली हे सर्व्हरला सांगणाऱ्या ओळखचिठ्ठीचंही, तसंच. नमुन्यातलं सुरक्षा टोकन म्हणजे कोलनच्या (:) चिन्हांनी जोडलेली साधी ओळ: मालक, बघणारा, अ‍ॅप. पत्त्यातलं नाव बदललं की तुम्ही दुसरेच! चाचणीपुरतं ठीक. खऱ्या साइटवर कंटेनरच्या (गॅजेटं दाखवणाऱ्या साइटच्या) सेटिंगमध्ये ‘सिक्युअर’ प्रकार निवडून किल्लीची फाइल द्या आणि टोकन आपल्या लॉगिनच्या सेशनवरून सर्व्हरवरच बनवा. हे टोकन तासाभरात शिळं होतं, त्यामुळे पान उघडं ठेवून जेवायला गेलेल्या माणसासाठी ते ताजं करायची सोय लागते. गॅजेटची आयफ्रेम, म्हणजे पानातली त्याची चौकट, वेगळ्या डोमेनवर ठेवा, म्हणजे साइटच्या कुकी त्याच्या हाती लागत नाहीत. एक डोमेन जास्तीचं घ्यावं लागतं, घ्या.

वेगाबद्दल तक्रार नाही, पण एका पानावर चार गॅजेटं असली की चौघंही मित्रांची यादी स्वतंत्रपणे मागतात. कॅश, म्हणजे एकदा काढलेलं उत्तर थोडा वेळ साठवणं, आपणच लावायची. उलट गॅजेटची एक्सएमएल शिंडिग स्वतः कॅश करतो, म्हणून बदल दिसत नसेल तर पत्त्यात ‘नोकॅश’ एकवर ठेवून बघा.

‘एकदा लिहा, कुठेही चालवा’ यावर फार विसंबू नका. प्रत्येक साइट वेगळी फील्ड भरते. आमच्याकडे चालणारं गाडीचं गॅजेट ऑर्कुटवर (ते २०१४ मध्ये बंद झालं) चढवून काही उपयोग नव्हता, कारण मोहिमेची माहिती तिथे नव्हतीच.

बाहेरची माणसं गॅजेटं लिहिणार असतील आणि टीममध्ये जावावाला असेल तर प्रकल्प चालू असताना शिंडिग जरूर घेण्यासारखं होतं. सगळं स्वतःच लिहिणार असाल तर साधी एपीआय (प्रोग्रामने डेटा मागायची ठरलेली सोय) पुरे. आम्ही मेसेजसर्व्हिस अजून जोडलेली नाही; गॅजेटने सभासदाच्या नावाने निरोप पाठवायचा की नाही, यावर समितीत एकमत होत नाही.