पिंग कमी करतो म्हणून २२,३३६ रुपये नेले

चार दिवस लिहू की नको करत होतो, कारण घरात मी अजून अर्धीच रक्कम सांगितलीय. पण परवा आमच्या टीमच्या ओळखीतल्या निपाणीच्या एका पोराला मला फसवलेल्या त्याच माणसाचा मेसेज आल्याचं कळलं, मग गप्प बसवेना.

मी बेळगावात वडगावला राहतो, उद्यमबागेत कामाला जातो आणि रात्री नऊनंतर व्हॅलोरंट हा ऑनलाईन गोळीबाराचा गेम खेळतो. टीममध्ये दोघं कोल्हापूरचे, एक खानापूरचा. घरात १०० एमबीपीएसचं फायबर आहे, स्पीड टेस्टला ९५ येतोच, तरी पिंग, म्हणजे गेमच्या सर्व्हरला सिग्नल जाऊन परत यायला लागणारे मिलिसेकंद, ७५-८०, आणि साडेनऊ वाजले की २०० च्या वर उड्या. कोल्हापूरच्या पोरांना त्याच मुंबईच्या सर्व्हरवर २५-३०. मी गोळी घालतो तोवर समोरचा भिंतीआड गेलेला असतो आणि मरतो मी. महिनाभर हेच चाललेलं, शेवटी पोरं दुसरा कोणीतरी बघूया म्हणायला लागली, त्या घाईत मी सापडलो.

त्या माणसाचा पहिला मेसेज मराठीत आला. पुण्याचा नेटवर्क इंजिनियर म्हणे. हितं कस्टमर केअरला फोन लावला की कन्नड नाहीतर हिंदी, त्यात एमटीयू (एका पॅकेटमध्ये, म्हणजे डेटाच्या तुकड्यात, किती मावतं ते) आणि क्यूओएस (राउटरवर कुणाला किती नेट द्यायचं ते) कोण समजावून सांगणार? हा तासभर फोनवर स्वच्छ मराठीत बोलला, आणि बोलला ते पुष्कळसं खरंच होतं. म्हणाला, दादा तुम्ही कर्नाटक सर्कलमध्ये येता, तुमचं पॅकेट आधी खाली बेंगळुरूला जाणार आणि तिथनं वर मुंबईला. मी ट्रेसरूट, म्हणजे पॅकेट कुठल्या वाटेनं जातं ते दाखवणारी कमांड, टाकून बघितलं तर खरोखरच बेंगळुरूचं नाव दिसलं. मुंबई रस्त्यानं जवळपास ५०० किलोमीटर, बेंगळुरूपण तेवढंच, मग कोल्हापूरपेक्षा आमचं पिंग जास्त का ते एका वाक्यात कळलं. एवढं बरोबर सांगणारा माणूस चोर असेल असं कुणाच्या डोक्यात येईल? मी काय अडाणी नाही, डिप्लोमा झालाय माझा.

पहिले ४९९ चेकअपचे. मग २,९९९ राउटर सेटिंगचे. रिमोट स्क्रीनचं ॲप टाकायला लावलं, राउटरचं पान उघडलं, पासवर्ड ॲडमिन-ॲडमिनच होता. डीएनएस (साईटच्या नावावरनं तिचा पत्ता शोधून देणारा सर्व्हर) बदलला, कुठले कुठले पोर्ट उघडले, कुठं कुठं टिक मारलं. मग म्हणाला आता फक्त प्रायव्हेट गेमिंग रूट घ्यायचा राहिला, वर्षाचे ६,५०० आणि १८ टक्के जीएसटी, म्हणजे ७,६७०. मी जरा का कू केलं तर म्हणाला आधी डेमो बघा, पटलं तरच द्या.

हाच तो क्षण, रोज रात्री डोळ्यासमोर येतो. त्यानं काळी विंडो उघडली, भराभर टाईप केलं आणि एंटर मारलं. चार ओळी आल्या, चारही ओळीत १ मिलिसेकंदपेक्षा कमी. "बघा दादा, ऐंशीचा एक झाला." आणि वर पत्ता होता १९२.१६८.१.१. मी वाचला तो पत्ता! अर्ध्या तासापूर्वी राउटरचं पान उघडायला मीच स्वतःच्या हातानं तो टाकला होता. तो माझ्याच हॉलमधल्या राउटरला पिंग करत होता, घराच्या बाहेर एक पॅकेट गेलं नव्हतं. बरं, फायबरमधनं प्रकाश एका मिलिसेकंदाला २०० किलोमीटरच्या आसपासच जातो, मुंबईला जाऊन परत यायला सरळ रेघ मारली तरी ४-५ मिलिसेकंद लागणारच, १ मध्ये येणं कुठल्याच सेटिंगनं शक्य नाही, हे मला माहीत होतं. मनात काहीतरी खटकलं, खरंच खटकलं. तेवढ्यात आई जेवायला हाका मारायला लागली आणि मी म्हटलं ठीक आहे दादा, करा. ९ वाजून २० मिनिटांनी ७,६७० गेले.

गेममध्ये गेलो तर ८२. म्हणाला रूट ॲक्टिव्ह व्हायला २४ तास लागतात. दुसऱ्या दिवशी ८४. मी भांडलो तर एकदम नरम, सॉरी दादा, पूर्ण ११,१६८ रिफंड करतो. क्यूआर पाठवला, स्कॅन केल्यावर रक्कम बरोब्बर ११,१६८ आणि खाली नोटमध्ये रिफंड लिहिलेलं. दिवसभर उभा राहून आलो होतो, आकडा माझाच होता, पिन टाकला. पैसे यायचे ते परत तेवढेच गेले. पैसे घ्यायला पिन लागत नाही हो, कधीच लागत नाही, हे मी आईला दहा वेळा सांगितलंय.

त्या क्षणाला नंबर बंद. राउटर उघडायला गेलो तर पासवर्ड बदललेला. मागच्या भोकात पिन घालून रिसेट केला तर नेटचा युजरनेम-पासवर्डच उडाला, केबलवाल्याला बोलवावं लागलं, त्याचे ३०० वेगळे. तुमचं राउटर कुणी हाताळलं असेल तर रिसेट करा, पण आधी केबलवाल्याकडनं तो युजरनेम लिहून घ्या. आणि डीएनएस अनोळखी ठेवू नका, बँकेचा पत्ता टाकला तरी दुसरीकडं नेऊ शकतात.

आता पोलिसांचं. मी १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, फोन केला तो दुसऱ्या दिवशी दुपारी, ही माझी चूक, पहिल्या तासात करायला पाहिजे होता, पैसे पुढच्या खात्यात जायच्या आत अडवता येतात. पण ठाण्यात जे झालं त्यात माझी काय चूक? अर्ज मराठीत लिहून नेला तर "कन्नडदल्ली बरदु कोडी", कन्नडात लिहून द्या. बाहेर बसलेल्याकडनं १५० देऊन कन्नडात लिहून घेतला तर साहेब नाहीत, "नाळे बर्री", उद्या या. नाळे नाळे करत सहा फेऱ्या, तीन हाफ डे गेले पगारातनं. शेवटी एकानं बघितलं आणि म्हणाला खातं महाराष्ट्रातलं दिसतंय, तिकडं जा. तिकडच्या ठाण्याला फोन केला तर राहता कर्नाटकात ना, मग तक्रार तिकडंच द्या. जन्मापासून ह्या दोन राज्यांच्या मधे आम्ही लोंबकळतोय, आता चोरी झाली तरी आमचं गाव कुणाचं हेच आधी ठरवायचं काय? बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या) कलम १७३ प्रमाणं गुन्हा कुठंही घडलेला असू दे, ठाण्याला माहिती नोंदवून घ्यावीच लागते, झिरो एफआयआर म्हणतात ते. मी कागद छापून नेला. त्यानं तो वाचलासुद्धा नाही, वर विचारलं की एवढ्या वयात गेम कशाला खेळतोस. २२,३३६ रुपये गेलेल्या माणसाला हा प्रश्न!

बँकेत तर दोन मिनिटांत विषय संपवला, पिन तुम्हीच टाकलाय. लेखी तक्रार द्या तरीपण आणि पोच घ्या, ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाता येतं. माझे १९ झालेत.

पिंगचं म्हणाल तर आमच्या केबलवाल्या पोरानं फुकट सांगितलं. वायफाय दोन भिंतीतनं येत होतं, १५ मीटरची लॅन केबल ४५० ला आणली, उड्या जवळजवळ बंद. उरलेल्या उड्या घरच्यांचे मोबाईल रात्री फोटो वर चढवतात त्यामुळं, राउटरच्या क्यूओएसमध्ये अपलोडला मर्यादा घातली आणि संपलं. आता ५२-५५ येतं. ह्याच्या खाली येणार नाही, कारण तो बेंगळुरूचा फेरा कंपनीच्याच हातात आहे, तुमच्या घरात बसून कोणीही तो बदलू शकत नाही, पाच हजार घेऊन नाही आणि पन्नास हजार घेऊनपण नाही. डीएनएस बदलून गेममधलं पिंग कमी होत नाही, ते फक्त पत्ता शोधायला असतं. आणि त्यानं माझं एमटीयू ५७६ करून ठेवलं होतं, आमच्या लाईनला १४९२ पाहिजे.

निपाणीच्या पोराला आलेला मेसेज शब्दाला शब्द माझ्यासारखाच होता, नंबर तेवढा नवीन: "दादा, बेळगाव साईडचे का? सीमाभागातला आपला माणूस भेटला की बरं वाटतं." असा मेसेज आला तर लगेच ब्लॉक करू नका. आधी नंबर, यूपीआय आयडी आणि चॅटचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, आणि मला पाठवा, मी सोमवारी परत ठाण्यात जाणार आहे.