स्नॅपवर ऑनलाइन किराणा: घरपोच घ्यावा की पिकअप?

गेल्या वर्षी नोकरी गेली आणि स्नॅपचं, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांना किराण्यासाठी मिळणाऱ्या अमेरिकी सरकारी मदतीचं, कार्ड (ईबीटी) हातात आलं. इथे न्यू जर्सीत त्यावर ‘फॅमिलीज फर्स्ट’ लिहिलेलं असतं. आईला घरी एकटं ठेवून दुकानात तासभर फिरणं शक्य नव्हतं, म्हणून ऑनलाइन मागवायचं हे लगेच ठरलं. शिवाय माझ्या कार्डाला चिप नव्हती, नुसती काळी पट्टी; दुकानात ती यंत्रावर ओढावी लागायची. तिथे कोणी तिची नक्कल केली, तर २० डिसेंबर २०२४ नंतर चोरीला गेलेले पैसे केंद्राच्या निधीतून भरून मिळत नाहीत.

सुरुवात घरपोचने केली. एका संध्याकाळी कणीक, दूध, अंडी, पालक, केळी असे ५८ डॉलर झाले. कार्डावर ७० होते. पिन टाकला, तो लागला. खाली ओळ आली: डिलिव्हरी आणि टीप मिळून ११ डॉलर, दुसरं कार्ड जोडा. स्नॅपचे पैसे फक्त खाण्याच्या जिनसांना चालतात, आणून देण्याच्या खर्चाला नाही. बँकेत तेव्हा ९ डॉलर होते. किराण्याचे पैसे असूनही किराणा अडला. ती रात्र मला अजून टोचते. हातात रोकड नसते म्हणून तर माणूस या कार्डाकडे येतो.

दुसऱ्या दिवशी तेच सामान पिकअपला टाकलं. वॉलमार्टसारख्या ठिकाणी ३५ डॉलरच्या वर पिकअपला पैसे पडत नाहीत. गाडी आकडा घातलेल्या जागेत लावली, दुकानातल्या मुलाने पिशव्या आणून दिल्या. साध्या दह्याऐवजी व्हॅनिलाचं आलं होतं, ते तिथेच परत केलं. घरपोचमध्ये अशीच अदलाबदल झाली होती, तेव्हा पैसे कार्डावर परत यायला चार दिवस लागले. महिनाअखेर असेल तर चार दिवस फार होतात.

गाडी नसेल किंवा घरात कोणी अंथरुणाला खिळलं असेल, तर घरपोचच घ्या, त्यात दुमत नाही. ॲमेझॉनचं प्राइम ॲक्सेस हे सवलतीचं सदस्यत्व ईबीटीवाल्यांना महिना ६.९९ डॉलरला मिळतं. वारंवार मागवणाऱ्याला ते परवडेलही. पण तेही स्नॅपमधून भरता येत नाही, म्हणून माझं मन पिकअपकडेच झुकतं.

तूरडाळ, पोहे, गोडा मसाला यांचं वेगळं आहे. आमच्या जवळचं देशी दुकान कार्ड घेतं, पण ऑनलाइन नाही. तिथे महिन्यातून एकदा आईला गाडीत बसवून नेतो. पोहे जाड आहेत की पातळ, हे तीच बघते.