प्रत्यक्ष भेट की व्हिडिओ भेट?

कॅनडाच्या संघीय तुरुंगात मुलगा आहे आणि प्रवेशद्वारावरच्या आयन स्कॅनरची, म्हणजे अमली पदार्थांचे अंश शोधणाऱ्या यंत्राची, धास्ती वाटते; मग प्रत्यक्ष भेटावं की व्हिडिओवर, असं एका आईने विचारलं. म्हणून दोन्ही पर्याय पडताळले.

धोका: स्कॅनर नॅनोग्रॅमइतके अंश टिपतो. ते अंगावर कुठून आले, हे मात्र त्याला कळत नाही. चलनी नोटांवरही कोकेनचे कण असतात. काही औषधांमुळेही चुकीचा इशारा मिळतो. मग चौकशी होते. भेट काचेआडून होऊ शकते किंवा नाकारली जाऊ शकते. निर्दोष आईला संशयित ठरवणारी ही पद्धत मला अन्यायकारक वाटते. व्हिडिओ भेटीत ही तपासणीच नाही.

श्रम: घरबसल्या इंटरनेट पुरतं. प्रत्यक्ष जायचं तर लांबचा प्रवास, आणि तो वाया जाण्याची भीती.

जवळीक: इथे पडदा हरतो. मिठी, एका टेबलाशी बसणं, पात्र कुटुंबांना ७२ तासांपर्यंतची खासगी भेट, हे फक्त तिथेच.

तुरुंग दूर असेल, नोकरीतून सुटी मिळत नसेल, तर नियमित बोलण्यासाठी व्हिडिओ घ्या. कैद्याची मुलं लहान असतील किंवा सुटका जवळ आली असेल, तर प्रत्यक्षच जा: धुतलेले कपडे घाला, हात धुवा, नोटा हाताळू नका, औषधांची चिठ्ठी जवळ ठेवा. इशारा आलाच, तर निर्णयाचं कारण लेखी मागा.