फिकट रेघ आणि 14,400 रुपये

लग्नाला तीन वर्षं झाली तरी दिवस राहत नव्हते. सांगलीत विश्रामबागेत एक 'मार्गदर्शन केंद्र' आहे असं जाऊबाईंनी सांगितलं, आणि मी तासगावहून एसटीने एकटीच गेले. ह्यांना सांगितलं असतं तर "मिरजेत पावलापावलावर डॉक्टर असताना तिकडं कशाला?" म्हणाले असते. सांगायला हवं होतं.

तिथल्या मॅडम बोलायला फार गोड. "ताई, आधी बीज फुटतंय का ते बघू." लघवीत बुडवायच्या पट्ट्या दिल्या. मेडिकलमध्ये मिळतात त्याच, तिप्पट दराने. म्हणाल्या, दुसरी रेघ फिकट का असेना, उमटली म्हणजे बीज फुटलं. माझी रोजच उमटायची! रोज कुठलं बीज फुटतंय, हा प्रश्न तेव्हा डोक्यात आला नाही.

मग 21व्या दिवशी रक्त घेतलं. प्रोजेस्टेरॉन, म्हणजे बीज फुटल्यावर वाढणारं हार्मोन, 0.8. मॅडमनी लाल पेनाने आकड्याभोवती गोल केला आणि हळूच म्हणाल्या, "बीज कच्चं आहे." त्यावर तीन महिन्यांची पावडर. भिशीचे पैसे होते, दिले.

डबे ह्यांच्या हाती लागले आणि मग मिरजेला जाणं झालं. डॉक्टरीणबाईंनी पट्टीचा फोटो बघून सांगितलं, पट्टी जे मोजते ते एलएच हे हार्मोन शरीरात थोडंफार असतंच, म्हणून फिकट रेघ येते. ती धरायची नाही. शेजारच्या रेघेइतकी किंवा तिच्याहून गडद झाली तरच खरी. आणि तेव्हाही बीज फुटलेलं नसतं, दिवस-दीड दिवसात फुटायची शक्यता असते एवढंच. पीसीओडी, म्हणजे बीजाशयाचा हार्मोन बिघडवणारा त्रास, असेल तर तीही फसवते. फुटल्याची खात्री करायला साधारण सात दिवसांनी रक्त तपासायचं. 21वा दिवस हा 28 दिवसांच्या पाळीचा हिशोब, पुढची पाळी यायच्या सात दिवस आधीचा. माझी पाळी 36 दिवसांची, म्हणजे 21व्या दिवशी बहुधा बीज फुटलेलंच नव्हतं, आकडा वर येणार कुठून?

पुढच्या पाळीत 29व्या दिवशी तपासलं. 11.4 आलं. तीनच्या वर गेलं की बीज फुटलं असं धरतात म्हणे.

मग त्यांनी विचारलं, "मालकांची तपासणी झालीय का?"

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसलो. तीन वर्षांत कुणी हा प्रश्नच विचारला नव्हता, मॅडमनी तर नाहीच.

ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, फोन लावला. बिल आहे का विचारलं. माझ्याकडे वहीतून फाडलेला कागद आहे. त्यावर 'पावडर, 14,400 मिळाले' एवढंच. ना नाव, ना शिक्का, ना सही.