सिम्युलेशन हिरवं, रिपोर्ट लाल: सीएमएम सॉफ्टवेअर काही महिने वापरल्यानंतर

जळगाव एमआयडीसीतल्या आमच्या मशीन शॉपमध्ये गेल्या पावसाळ्याआधी सीएमएमचं (जॉबला, म्हणजे मोजायच्या भागाला, ठिकठिकाणी टेकून मापं घेणारं मशीन) जुनं सॉफ्टवेअर काढून नवं बसवलं. पंपाची केसिंग, बेअरिंग हाउसिंग, मधूनमधून मोल्डचे इन्सर्ट असं आमचं काम. मशीन ब्रिज टाइप आहे, त्यावर साडेसात अंशांच्या टप्प्यानं फिरणारं हेड आणि टच ट्रिगर प्रोब: स्टायलस म्हणजे बारीक काडी, तिच्या टोकाला रुबीचा छोटा गोळा, तो जॉबला टेकला की मशीन तिथला ठिपका नोंदवतं. सॉफ्टवेअरचं नाव लिहीत नाही, कारण खालचे प्रश्न कुठल्या एकाच कंपनीच्या वाट्याला आलेले नाहीत.

मत आधीच सांगतो. प्रोग्रॅम बनवायला हे सॉफ्टवेअर फार चांगलं आहे. कॅडवर क्लिक करत गेलं की बोर, फेस, स्लॉट पटापट उचलले जातात, रिपोर्टही गिऱ्हाइकाला आवडतो. पण प्रोबचं कॅलिब्रेशन (व्यास माहीत असलेल्या मास्टर बॉलला टेकवून रुबीची जागा आणि व्यास ठरवणं) हे लोक दोन मिनिटांचं काम म्हणून दाखवतात, आणि सिम्युलेशन (मशीनशिवाय पडद्यावर प्रोग्रॅम चालवून बघणं) पास झालं की जॉब बरोबर मोजला जाणार असं समजलं जातं. या दोन गोष्टींनी आमचा सगळ्यात जास्त वेळ घेतला.

आधी कॅलिब्रेशन. एका केसिंगला दोन्ही बाजूंनी बोर आहेत आणि त्यांची कोअ‍ॅक्सिॲलिटी (म्हणजे दोन्हींचे अक्ष एकाच रेषेत असणं) ड्रॉइंगवर घट्ट आहे. एक बोर ए९० बी० टिपनं मोजायचा, समोरचा ए९० बी१८० नं (टिप म्हणजे हेडच्या एका स्थितीतला प्रोब, ए आणि बी हे हेडचे कोन). रिपोर्टमध्ये कोअ‍ॅक्सिॲलिटी ०.०६ मिमीच्या आसपास येऊ लागली. तोच जॉब मँड्रेलवर (बोरमध्ये बसणाऱ्या दांड्यावर) घेऊन डायल गेज लावला तर एकदम सरळ. प्रत्येक टिपचं स्टँडर्ड डेव्हिएशन दोन-तीन मायक्रॉन, म्हणजे कॅलिब्रेशनच्या पडद्यावर शंका घ्यायला जागाच नाही. सर्व्हिसच्या माणसानं फोनवर मशीनची भूमिती तपासायला सांगितलं. कारण सापडलं ते दुसऱ्या शिफ्टच्या ऑपरेटरला. त्यानं मास्टर बॉलच्या बुडाशी बोट लावलं आणि म्हणाला, "भाऊ, गोया हालेल शे." म्हणजे गोळा हललेला आहे.

झालं होतं असं: मोठा जॉब टेबलावर बसत नव्हता म्हणून मास्टर बॉल काढून पुन्हा बसवला गेला होता. त्यानंतर या प्रोग्रॅमसाठी ए९० बी१८० ही एकच टिप नव्यानं जोडली गेली. कॅलिब्रेशन सुरू होताना सॉफ्टवेअर विचारतं, बॉल हलवला आहे का? पण मागच्या वेळचं "नाही" तिथे आधीच निवडलेलं असतं आणि एंटर दाबला की खिडकी निघून जाते. बॉल जुन्या जागीच आहे असं धरून सॉफ्टवेअर हिशेब करतं आणि बॉल जितका सरकला तितका फरक नव्या टिपच्या खात्यात टाकतं. बॉल तीसेक मायक्रॉन बाजूला बसला होता. कोअ‍ॅक्सिॲलिटी व्यासाच्या क्षेत्रात धरतात, म्हणून रिपोर्टमध्ये आकडा दुप्पट दिसला. स्टँडर्ड डेव्हिएशन फक्त एवढंच सांगतं की ठिपके गोलावर किती नीट बसले. त्या टिपचं बाकीच्या टिपांशी जमतं की नाही, याच्याशी त्या आकड्याचा काही संबंध नाही.

म्हणून आमच्याकडे आता नियम आहे. बॉल हलला की पहिल्यांदा ए० बी० टिप, उत्तर "हो", मग बाकीच्या सगळ्या टिपा, उत्तर "नाही". हे झालं की तोच बॉल प्रत्येक टिपनं साधा गोल म्हणून मोजायचा आणि केंद्राचे एक्स, वाय, झेड एकाखाली एक लावायचे. आमच्या खोलीत पाच मायक्रॉनच्या आत आले तर पुढे जायचं. ही तपासणी सॉफ्टवेअरनं स्वतःहून करायला हवी होती. ती नाही, म्हणून आम्ही छोटा प्रोग्रॅम करून ठेवलाय, आणि अख्ख्या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्यात जास्त वापरलेली गोष्ट बहुधा तीच असेल.

दुसरी गोष्ट मास्टर बॉलच्या व्यासाची. एका अपडेटनंतर टूलच्या यादीत बॉलचा व्यास परत गोल आकडा, २५.००० झालेला दिसला. समजा सर्टिफिकेटवर २४.९८७३ आहे. मग सॉफ्टवेअर रुबीचा व्यास १२.७ मायक्रॉननं कमी धरतं, परिणामी प्रत्येक बोर तितका लहान आणि प्रत्येक शाफ्ट तितकाच मोठा येतो. बोर आणि शाफ्ट असे उलट्या दिशांना पळाले की आधी हा आकडा बघा, मशीनला दोष नंतर द्या. रिंग गेज (व्यास माहीत असलेली कडी) असेल तर पाच मिनिटांत खात्री होते.

४ मिमीच्या रुबीचा व्यास कॅलिब्रेशननंतर ३.९८ च्या आसपास आला की नवी मुलं घाबरतात. ते ठीकच आहे. रुबी जॉबला टेकल्यावर स्टायलस थोडी वाकते आणि मग ट्रिगर सुटतो, त्यामुळे हिशेबातला व्यास थोडा कमी भरतो. टच ट्रिगर प्रोब डेव्हिड मॅकमर्ट्री यांनी १९७२ मध्ये कॉनकॉर्ड विमानाच्या ऑलिंपस इंजिनाचे बारीक पाइप मोजायला बनवला. तीन टेकूंवर बसलेली स्टायलस आणि टेकू सुटला की सिग्नल, ही रचना आजही साध्या प्रोबमध्ये तीच आहे. टेकू तीन असल्यामुळे सगळ्या दिशांना सारखा जोर लागत नाही, म्हणून लांब स्टायलसनं रिंग मोजली की थोडा तिकोनी आकार दिसतो. यावर उपाय दोनच: स्टायलस होईल तितकी आखूड, आणि कॅलिब्रेशनचा टच स्पीड व प्रोग्रॅमचा टच स्पीड एकच. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये हे दोन स्पीड वेगवेगळ्या मेनूत आहेत आणि एक बदलला तरी दुसरा गप्प बसतो. ही रचना मला पटत नाही.

आता आपल्या खानदेशाचा भाग. मोजमापाचं प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस आहे आणि मे महिन्यात आपल्याकडे बाहेर पारा ४५ च्या आसपास असतो. शॉपमधून तापलेला ॲल्युमिनियमचा ३०० मिमीचा जॉब ३० अंशांवर मोजला, तर तो जवळपास ७० मायक्रॉन मोठा दिसतो. स्टीलचा असेल तर साधारण ३५. सॉफ्टवेअरमध्ये तापमानाची भरपाई आहे, चालतेही नीट, पण त्याला जॉबचं खरं तापमान कुणीतरी द्यावं लागतं. लाइट गेली की यूपीएसवर कॉम्प्युटर आणि कंट्रोलर चालतो, एसी चालत नाही. सकाळी कॅलिब्रेट केलेली १०० मिमीची स्टील एक्स्टेन्शन (स्टायलस लांबवणारा दांडा) दुपारी खोली पाच अंशांनी चढली की सहा मायक्रॉन लांबते. कार्बन फायबरची एक्स्टेन्शन महाग वाटली होती, पण उन्हाळ्यात तिच्यामुळे दुपारचे रिपोर्ट सकाळच्या रिपोर्टांशी जुळू लागले. जॉब रात्रभर खोलीत ठेवणं हा तर सगळ्यात स्वस्त उपाय, फक्त डिस्पॅचवाल्यांना तो समजावून सांगावा लागतो.

हिवाळ्यात वेगळंच. कापसाचा हंगाम, जवळच जिनिंग, रुईचे बारीक तंतू हवेत. स्टँडर्ड डेव्हिएशन एकदम आठ-दहा मायक्रॉनवर गेलं की आधी बॉल आणि रुबी आयसोप्रोपाइल अल्कोहोल लावून तंतू न सोडणाऱ्या कापडानं पुसा. मग स्टायलसची चुडी घट्ट आहे का, बॉलचा दांडा ढिला आहे का ते बघा. बहुतेक वेळा तिथेच मिटतं.

सिम्युलेशनबद्दल माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. ते वाईट नाही. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम तयार होतो, मशीन तोवर दुसऱ्या जॉबवर चालतं, हा मोठा फायदा. पण सिम्युलेशन फक्त तुम्ही त्याला दिलेल्या जगात चालतं. आमच्या फिक्स्चरचे क्लँप मॉडेलमध्ये नव्हते, तर पडद्यावर रस्ता मोकळा आणि टेबलावर समोर क्लँप. ऑफिसच्या टिप फाइलमध्ये २० मिमीची एक्स्टेन्शन नव्हती, तर खोल बोरमध्ये प्रत्यक्षात रुबीऐवजी भलतंच टेकायची वेळ. स्टायलसच्या दांड्याची जाडी खरी भरली नसेल तर दांडा घासतोय हे पडद्यावर कधीच कळत नाही.

एक धोका मात्र मी ठळकपणे सांगेन. ऑफिसमधून प्रोग्रॅम मशीनवर नेताना टिप फाइलही सोबत कॉपी झाली, तर मशीनवरची कॅलिब्रेट केलेली फाइल पुसली जाते आणि तिच्या जागी पुस्तकी आकडे येतात. सॉफ्टवेअर एका शब्दानं विचारत नाही. ओळखायची खूण: व्यास बरोबर ४.०००० आणि स्टँडर्ड डेव्हिएशन शून्य. असं दिसलं तर मशीन तिथेच थांबवा. फाइल नेहमी मशीनकडून ऑफिसकडे जावी, उलट कधीही नाही. टिपांची नावं दोन्हीकडे सारखी ठेवली की "टिप सापडली नाही" हा रोजचा एररही बंद होतो.

ऑफलाइनचा (सिम्युलेशनमधला) रिपोर्ट कुणी गिऱ्हाइकाला नमुना म्हणून पाठवू नये. तिथे ठिपके कॅडवरूनच घेतलेले असतात, त्यामुळे सगळी डेव्हिएशन शून्य येणारच. स्टेप फाइल (कॅड मॉडेलची फाइल) आयात केल्यावर पृष्ठांच्या बाणांकडे, म्हणजे पृष्ठाची बाहेरची बाजू दाखवणाऱ्या खुणांकडे, नक्की बघा. बाण उलटा असेल तर प्रोब धातूच्या आतून येताना दिसतो, आणि घाईत हे सुटतं. जॉयस्टिकनं हातानं मोजताना आतला वर्तुळ की बाहेरचा ही निवड उलटी पडली, तर ४ मिमीच्या रुबीनं ३० चा बोर २२ येतो. म्हणजे फरक रुबीच्या व्यासाच्या दुप्पट. हा आकडा डोक्यात असला की कारण शोधत बसावं लागत नाही.

घ्यावं का? ज्यांच्याकडे रोज वेगळा जॉब येतो आणि एक माणूस मोजणीच्या खोलीसाठीच आहे, त्यांनी जरूर घ्यावं. एकच जॉब वर्षभर चालत असेल तर गेज स्वस्त पडतील. पुण्याहून सर्व्हिसचा माणूस लगेच येत नाही, त्यामुळे ट्रेनिंगमध्ये कॅलिब्रेशनला पूर्ण एक दिवस मागून घ्या, आणि दोन्ही शिफ्टचे ऑपरेटर बसवा.

डेमोला जाल तेव्हा विक्रेत्याला एवढं करायला सांगा: दोन टिपा कॅलिब्रेट करा, मग मास्टर बॉल ढिला करून पुन्हा आवळा, आणि "हलला नाही" असं उत्तर देऊन तिसरी टिप कॅलिब्रेट करा. मग तिन्ही टिपांनी तोच बॉल मोजायला लावा आणि केंद्रांचे आकडे तुमच्या वहीत उतरवून घ्या.