सीव्ही जॉइंटचा बूट घरी बदलला, आठ महिने झाले: रबर टिकलं, पट्टीने घात केला

रबरी बूट (जॉइंटमधलं ग्रीस धरून ठेवणारं घड्यांचं आवरण), काळ्या ग्रीसचं पाकीट, नवी सर्कलिप (जॉइंट शाफ्टवर अडकवणारी कडी) आणि बूट आवळायच्या दोन पट्ट्या असं साडेतीनशेचं किट दिवाळीत बाहेरच्या, म्हणजे चाकाकडच्या सीव्ही जॉइंटला (चाक वळलं तरी त्याला फिरवत ठेवणारा ॲक्सलचा सांधा) बसवलं. जॉइंट शाबूत असेल तर अख्खा ॲक्सल बदलण्यात पैसे घालवू नका, हे मत आजही तेच आहे. पण जानेवारीत रिमच्या आतल्या बाजूला ग्रीसचे काळे शिंतोडे दिसले, तेव्हापासून या किटमधल्या मोठ्या पट्टीचा राग गेलेला नाही.

पट्टी पातळ पत्र्याची, ओढून दुमडायची. दुमडली की ती हमखास किंचित सैल होते. वरून घट्ट दिसते, पण बुटाची कड अंगठ्याने फिरवून पाहा, फिरते! चाक फिरताना ग्रीस बाहेर फेकलं जातं, म्हणून गळती बहुतेक या मोठ्या तोंडाकडूनच होते. ग्रीस ज्या वाटेने बाहेर येतं त्याच वाटेने शेतरस्त्याची काळी माती आत जाते. थोडं ग्रीस दोन बोटांत चोळलं की कचकच लागते. तशी लागली तर सगळं पुन्हा उघडा, वरून नवं ग्रीस भरून उपयोग नाही. प्लॅस्टिकचा टाय हा उपायच नव्हे. स्क्रूच्या होज क्लिपचं डोकं एका बाजूला जड असतं आणि तिचा दाबही सगळीकडे सारखा बसत नाही. कानवाली पट्टी (वर आलेला कान चिमटला की आवळते ती) घ्या आणि कान दाबायची पक्कडही घ्या. साध्या पकडीने कान वाकडा होतो.

बसवताना चुका होतात त्या अशा. हबचा (चाकाच्या मधोमधचा) नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करा, मग जॅक लावा आणि खाली आधाराची घोडी द्या, नुसत्या जॅकवर काम नको. हबला खालून धरणारा बॉल जॉइंट सोडवून हब बाहेर ओढला की शाफ्ट (ॲक्सलचा दांडा) मोकळा होतो. गिअरबॉक्सकडचं टोक ओढू नका, ऑइल सांडेल. जॉइंट पितळी पंच आतल्या रेसवर (शाफ्ट ज्यात बसतो ते कडं) ठेवून ठोकून काढा, गोळ्या धरणाऱ्या पिंजऱ्यावर घाव नको. रॉकेलने धुऊन पूर्ण वाळवा. मग सहाही गोळ्यांच्या खाचांवरून नख फिरवा. नख अडकलं तर जॉइंट गेला, बूट बदलून पूर्ण वळणावरचा कटकट आवाज थांबणार नाही.

छोटी पट्टी आणि बूट आधी शाफ्टवर चढवा. हे विसरलात तर बसवलेला जॉइंट पुन्हा ठोकून काढावा लागतो. सर्कलिप नवीच वापरा. जॉइंट लाकडी हातोडीने बसवून ओढून पाहा, हलायला नको. ग्रीस मोलिब्डेनमचंच, बेअरिंगचं पिवळं चालत नाही. निम्मं गोळ्यांमध्ये बोटाने दाबून भरा, उरलेलं बुटात.

आणि हेच मला जानेवारीत उशिरा कळलं: पट्टी बसते ती खाच आणि बुटाची कड कोरड्या फडक्याने पुसून घ्या. तिथे ग्रीस राहिलं तर चांगली पट्टीही सरकते. छोट्या तोंडाखाली बोथट स्क्रूड्रायव्हर सारून अडकलेली हवा काढा, नाहीतर उन्हात बूट फुगतो. हबचा नट नवा लावा, गाडी खाली उतरवून मॅन्युअलमधल्या आकड्याइतका टॉर्क (आवळायचा जोर) द्या आणि त्याची कड ठोकून लॉक करा.

जानेवारीत या किटला दोन तारे दिले होते, आता चार देतो. जळगावचा पंचेचाळीसच्या वरचा मे महिना रबराने काढला. बुटाची घडी बोटांनी उघडून पाहिली, एकही तडा नाही. पट्टी बदलल्यापासून, पहिल्या पावसाच्या चिखलानंतरही, रिमची आतली बाजू कोरडी आहे. दुसऱ्या बाजूसाठी हेच किट आणलंय, कानवाल्या पट्ट्या मात्र वेगळ्या घेतल्या आहेत.